बिराजदार मामांची बटणं

आमच्या प्रयोगशाळेत रेणू दाखवणारा प्रोग्राम उघडायला चार मिनिटं लागतात, आणि ती चारही मिनिटं बिराजदार मामा पडद्यासमोर हात जोडून उभे असतात. "बारप्पा, बारप्पा," असं कानडीत त्याला 'ये बाबा, ये' म्हणत विनवतात. अडलेल्या गाईपाशी थांबावं तसा चेहरा.

मामा मूळचे मंद्रूपचे, हुद्दा प्रयोगशाळा सहायक. काचसामान धुता धुता ते हा प्रोग्राम शिकले आणि त्याची सुरुवातीची फाइल त्यांनी कायमची ताब्यात घेतली. त्या फाइलीत जसं लिहाल तसा प्रोग्राम उघडतो. कंपनीनं दिलेली मांडणी मामांना मुळीच खपत नाही. "डीफॉल्ट म्हंजे कुनाचंच न्हाय, ताई!"

म्हणून इथं संशोधन केलेल्या प्रत्येकाच्या नावाचं त्यांनी एक बटण करून ठेवलंय. जमादारला लाल-हिरव्यातला फरक कळायचा नाही. त्याचं बटण दाबलं की रंग बदलतात. अन्नलदासला फिरता रेणू बघून गरगरायचं. तिचा रेणू जागचा हलत नाही. काळ्या पडद्यानं माझं डोकं उठतं, म्हणून माझा पडदा पांढरा. अशी तेवीस बटणं. उघडताना प्रोग्राम आधी तेवीस जणांचे रेणू गोळा करतो, मग आमच्याकडे बघतो.

माझी पीएचडीची तोंडी परीक्षा ठरली. बाहेरचे परीक्षक तापट, त्यातून त्यांना परतीची गाडी गाठायची. आदल्या दुपारी मामा जेवायला गेले तेवढ्यात मी बावीस बटणं उडवली. प्रोग्राम चुटकीसरशी उघडला. मागं वळून बघते तर मामा डबा घेऊन उभे.

वाटलं, आता आपली खरडपट्टी. पण त्यांनी एवढंच विचारलं, "जमादारचं बी?"

"मामा, तो आठ वर्षं जर्मनीत आहे."

"व्हय की. पन आला म्हंजे? परक्यावानी उभं ऱ्हावं लागंल त्याला."

डब्याचं झाकण ते उगाच घट्ट करत राहिले. मला माझीच लाज वाटली. जुनी फाइल मी परत जागेवर ठेवली.

परीक्षेत व्हायचं तेच झालं. प्रोग्राम उघडता उघडता पडद्यावर बटणांचं एकेक नाव उमटू लागलं, परीक्षक घड्याळाकडे बघू लागले.

"ही कोण मंडळी?" त्यांनी करड्या आवाजात विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत मामा पुढं झाले. "ही माळगे, हैदराबादला असती. हा जमादार, जर्मनीत. अन्नलदासला दोन पोरी हायत आता, लई हुशार..." नाव आलं की मामा ठावठिकाणा सांगत. परीक्षकांनी घड्याळ बघणं कधी सोडलं, मला कळलंच नाही.

"बरं लक्षात ठेवलंय हो सगळं," ते म्हणाले. "फोन-बिन करतात का कधी?"

"कामात असत्यात ओ," मामा घाईनं म्हणाले आणि त्यांनी माझ्या नावाचं बटण दाबलं. पडदा पांढरा झाला. परीक्षकांकडे वळण्याआधी मी म्हटलं, "मामा, मी करीन हं फोन."