चौथ्या मजल्यावरचा अध्यक्ष

“…तर ठरलं बाई एकदाचं! अध्यक्ष त्या चौथ्या मजल्यावरच्या इंग्रजालाच केलंय. एकमतानं! कारण अख्ख्या इमारतीत तोच एकटा असा आहे, की जो—”

आणि नेमकं त्याच क्षणी दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी खिडकीचं शटर धाडकन खाली सोडलं. पुढचं सगळं त्या खडखडाटात वाहून गेलं.

चौथ्या मजल्यावरचा इंग्रज म्हणजे नॉर्मन, हातात ओला मोजा घेऊन खिडकीतच उभा होता. आमच्या इमारतीच्या मधोमध हवेसाठी एक उभा चौक सोडलाय. त्यात चारी बाजूंनी दोऱ्या. कपडे तिथे वाळतात आणि बातम्या तिथे ओल्याच्या ओल्या फिरतात. बोलत होत्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या विसेन्ताबाई आणि पहिल्या मजल्यावरची आम्पारो. नॉर्मन आणखी वाकला. पण विसेन्ताबाईंची खिडकी बंद झाली होती.

खरं तर तो मोजे काढायला आलाच नसता. त्या सकाळी तो बायकोला एकच वाक्य सांगायला निघाला होता : “ठीक आहे ग्लेनिस, परत जाऊ.” पण वाक्य जड होतं, म्हणून म्हटलं, आधी मोजे काढावेत. (माणसानं आधी वाक्य बोलून टाकावं आणि मग मोज्यांकडे बघावं. पुढचं निम्मं रामायण टळलं असतं.)

आता हे परत जाणं काय होतं, तर करार होता. नॉर्मन आणि ग्लेनिस आदल्या मे महिन्यात इंग्लंडमधलं हल सोडून इथे स्पेनमध्ये आलिकांतेला आले ते उन्हासाठी. घर बघायला आले तेव्हा बाल्कनीत लख्ख ऊन, खाली समुद्र, समोर पामची झाडं. ग्लेनिस म्हणाली, एक वर्ष राहून बघते. नाही रुचलं तर परत. नॉर्मन म्हणाला, कबूल.

ऑगस्टमध्ये तिला कळलं की उन्हासाठी आलेल्या माणसाला इथे दिवसभर शटर पाडून अंधारात बसावं लागतं. आणि डिसेंबरात कळलं की ऊन फक्त रस्त्यावर असतं. घरात संगमरवरी फरशी, भिंती गार, हीटरचा पत्ता नाही. जानेवारीत ती घरात ओव्हरकोट घालायची आणि बाहेर जाताना काढून ठेवायची.

“हलमध्ये बाहेर थंडी असते आणि घरात ऊब,” ती म्हणायची. “तू मला अशा गावात आणलंस जिथे फिरायला गेलं की बरं वाटतं आणि घरी आलं की न्यूमोनिया होतो.” (आमच्या आणि त्यांच्या स्वयंपाकघराच्या मधली भिंत पातळ आहे. यात आमचा काही दोष नाही.)

त्यातून हलमध्ये मुलगी गरोदर, एप्रिलचे दिवस. म्हणून ते वाक्य.

पण नॉर्मन मोजा घेऊन आत आला तो वेगळाच माणूस होऊन. हलच्या नगरपालिकेत रस्त्यावरच्या दिव्यांच्या खात्यात त्यानं तीसेक वर्षं काढली होती, ती सगळी ‘प्रभारी उपप्रमुख’ म्हणून. प्रमुख व्हायची वेळ आली की दर वेळी कुणीतरी बाहेरून यायचं. घरात तर प्रमुखपद रिकामं झालंच नाही. आणि आता, परक्या देशात, एकमतानं!

“ग्लेनिस, मला इमारतीचा अध्यक्ष केलंय.”

“कुणी?”

“सगळ्यांनी. एकमतानं.”

“का?”

“कारण अख्ख्या इमारतीत मीच एकटा असा आहे, की जो...” इथे नॉर्मन थांबला. “निःपक्षपाती आहे बहुतेक. किंवा शिस्तीचा.”

“तुला त्यांची भाषा धड येत नाही, नॉर्मन. परवा तू मासेवाल्याचे आभार मानलेस आणि त्यानं तुला पाव किलो जास्त कोळंबी बांधून दिली.”

दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरचा एव्हारिस्तो दारात उभा. तो मावळता अध्यक्ष. हातात बुटाच्या नाडीत ओवलेला किल्ल्यांचा जुडगा. “अभिनंदन, सिन्योर नॉर्मन!” असं म्हणून त्यानं नॉर्मनला कडकडून मिठी मारली, दोन्ही गालांचे मुके घेतले, जुडगा हातात कोंबला आणि दोन-दोन पायऱ्या गाळत खाली पळाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

“बघितलंस? किती जिव्हाळा!” नॉर्मन म्हणाला.

“सुटलेल्या कैद्यासारखा पळाला तो,” ग्लेनिस ओव्हरकोटाची बटणं लावत म्हणाली.

परत जाण्याचं वाक्य काही बोललं गेलं नाही. नवं वाक्य आलं : “एवढी टर्म पुरी करू दे.”

मग काय, सुरुवात झाली. पहिल्या मजल्याला वरून पाणी गळतं. दुसऱ्याचा कुत्रा जिन्यात थांबतो, आणि थांबल्याची खूण ठेवून जातो. तळमजल्याचा एव्हारिस्तो आता मोकळा झाला होता, म्हणून रोज तक्रार घेऊन यायचा, “लिफ्टच्या दुरुस्तीचे पैसे मी का द्यावेत? मी लिफ्टनं कुठे जाणार, पाताळात?” नॉर्मननं पाण्याच्या गळतीची चौकशी करायला भर दुपारी साडेतीनला घराघरांच्या बेल वाजवल्या. जेवून आडव्या झालेल्या आमच्या इमारतीला असा धक्का पूर्वी एकदा भूकंपात बसला होता. आम्पारो गाउनवरच बाहेर आली.

“काय झालं? कोण मेलं?”

“कुणी नाही, सिन्योरा. तुमच्या छताचा ओलावा बघायचाय.”

“तो गेली सहा वर्षं आहे, बाळा! तो पाचपर्यंत थांबला असता!”

शेवटी गळती सापडली ती नॉर्मनच्याच न्हाणीघरात; पाणी भिंतीतल्या जुन्या नळातून थेट पहिल्या मजल्यापर्यंत उतरत होतं. अध्यक्ष नॉर्मननं चौथ्या मजल्यावरच्या नॉर्मनला कडक शब्दांत समज दिली आणि तशी सूचना स्वतःच लिफ्टमध्ये लावली. लिफ्टमध्ये तो पहिल्यांदाच शिरला होता. प्रकृतीसाठी तो कायम जिन्यानं जायचा.

एप्रिल आला. विमान सकाळचं होतं. बाळ बघायला दोघं पंधरा दिवसांसाठी जाणार होते. बॅगा दाराशी, टॅक्सी खाली. आणि लिफ्टची घंटा वाजली.

दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये लिफ्ट अडकली होती. आत विसेन्ताबाई, त्यांची बाजाराची चाकांची पिशवी, आणि जिवंत गोगलगायी. रविवारच्या भातासाठी.

“अध्यक्षाऽऽ!” आतून आवाज आला. “घाई नाही रे बाळा, पण या गोगलगायी पिशवीतून निघाल्यात!”

“वरच्या यंत्राच्या खोलीची किल्ली माझ्याकडेच आहे,” नॉर्मन म्हणाला. “पाच मिनिटं, ग्लेनिस.”

“मेकॅनिकला फोन कर आणि चल.”

“अध्यक्ष असा कसा निघून जाईल? आत बाईमाणूस आहे!”

ग्लेनिसनं एकदा बंद लिफ्टकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. “तुझी मुलगी बाळंत झालीय, नॉर्मन. ती पण बाईमाणूसच आहे.”

“पुढच्या विमानानं येतोच ना मी.”

मग ग्लेनिसनं आपली बॅग उचलली आणि जिना उतरायला लागली. अडकलेल्या लिफ्टवरून जाताना आतून विसेन्ताबाई मायेनं ओरडल्या, “सुखरूप जा हो सिन्योरा! बाळाला माझा मुका!” ग्लेनिस थांबली नाही. तिची बॅग प्रत्येक पायरीवर आपटत गेली, आणि तो आवाज आम्हाला शेवटच्या पायरीपर्यंत ऐकू आला. मदत करायला आम्ही दार उघडलंही होतं, पण तिचा चेहरा बघून परत लावून घेतलं.

नॉर्मन गच्चीवर धावला. जुडग्यातली एकही किल्ली त्या खोलीला लागेना. एव्हारिस्तोनं दिलेल्या सगळ्या किल्ल्या पाण्याच्या मीटरच्या निघाल्या. यंत्राच्या खोलीची किल्ली मेकॅनिककडे असते. तो आला, आपली कॉफी संपवून, आणि एक बटण दाबलं. विसेन्ताबाई बाहेर आल्या. मानेवर एक गोगलगाय होती.

पुढच्या विमानाला पुन्हा कुत्रा आडवा आला. त्याच्या पुढच्याला गच्चीवरची पाण्याची टाकी. मे महिन्यात फोनवर (नॉर्मन नेहमी स्पीकर लावूनच बोलतो) ग्लेनिस म्हणाली, “इथे मी स्वेटरसुद्धा न घालता स्वयंपाकघरात उभी आहे, नॉर्मन. मी काही परत येत नाही. तुला यायचं असेल तर तुझं ते अध्यक्षपद कुणाच्या तरी गळ्यात घाल आणि कायमचा ये. अर्धामुर्धा येऊ नकोस.”

“जानेवारीत वार्षिक सभा आहे. तेव्हा सोपवतो आणि येतो. नक्की.”

त्या वर्षी नॉर्मन शटर पाडून अंधारात एकटा बसायला शिकला. विसेन्ताबाई मसुराचा वाडगा आणून द्यायच्या. “खा रे, बायको असताना तरी कुठे गरम जेवत होतास,” म्हणायच्या.

जानेवारीत सभा. सातची वेळ. नॉर्मन टाय लावून खाली प्रवेशद्वाराशी उभा. कुणीच नाही. साडेसातला (खरी सभा साडेसातचीच असते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं) एकेक दार उघडलं आणि सगळी इमारत आपापली खुर्ची घेऊन उतरली. पाय प्लास्टरमध्ये असलेली आम्पारो आली. तापानं फणफणलेला एव्हारिस्तो गोधडी गुंडाळून आला. नॉर्मनचा ऊर भरून आला.

“माझ्या निरोपाला एवढे सगळे!”

“निरोपाला कसले,” विसेन्ताबाई खुर्ची उलगडत म्हणाल्या. “न येऊन भागतंय होय? जो सभेला येत नाही त्याच्या गळ्यात पडतं अध्यक्षपद. गेल्या वर्षी नाही का तुझ्या पडलं? अख्ख्या इमारतीत तूच एकटा होतास ना, की जो आला नव्हतास! सूचना लिफ्टमध्ये होती. तू मेला कायम जिन्यानं!”

म्हणजे नॉर्मननं मानून घेतलेल्यातलं ‘एकमतानं’ तेवढं खरं होतं.

नॉर्मन खाली बसला. मग सावरून म्हणाला, “बरं. या वर्षी मी आलोय. सगळेच आलेत. आता निवडा कुणाला तरी.”

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणी खाकरलं. एव्हारिस्तोनं गोधडीतून डोकं बाहेर काढलं.

“सिन्योर नॉर्मन, घर कुणाच्या नावावर आहे तुमचं?”

“दोघांच्या.”

“आणि सिन्योरा कुठे आहेत?”

“हलला.”

“म्हणजे सभेला नाहीत.”

भराभरा हात वर झाले. नॉर्मननं हरकत घ्यायला हात वर केला, तोही एव्हारिस्तोनं मोजून टाकला. एकमतानं! आणि त्या येईपर्यंत काम बघायला त्यांचे यजमान आहेतच, प्रभारी.

घरी येऊन त्यानं कोट घातला आणि फोन लावला. (भिंतीचं आम्ही मघाशी सांगितलंच.)

“ग्लेनिस, तुला अध्यक्ष केलंय.”

“मला? का?”

“कारण अख्ख्या इमारतीत तूच एकटी अशी आहेस, की जी—” या वेळी कुणाचंही शटर पडलं नाही. “—की जी इथे नाही.”

मग ग्लेनिस हसली. वर्षभरात पहिल्यांदा.

“म्हणजे तू माझा प्रभारी?”

“हो. पण ते सगळं सोडून मी येतो, ग्लेनिस. तिकीट काढतो. येऊ ना?”

“अर्ज अध्यक्षांकडे आलाय का हा?”

“आलाय.”

“मग लिहून घे,” ती म्हणाली. आता हसत नव्हती. “रजा नामंजूर.”