काचेतली वामकुक्षी

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी नोकरी सोडली, तेव्हा निरोप समारंभात छाती फुगवून सांगितलं होतं, की माणसाला जगायला फार थोडं लागतं आणि तेवढं मी साठवलेलं आहे. "पुरेल का हो?" असं साहेबांनी काळजीने विचारलं. मी म्हणालो, "साहेब, काटकसर ही कला आहे आणि मी कलावंत आहे." टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यात बायकोची टाळी नव्हती, हे मात्र मला घरी गेल्यावर कळलं.

पहिल्या महिन्यात आमच्या घरात कलेला नुसता बहर आला. चहाची पूड दोनदा उकळू लागली. साबणाच्या चिपट्या एकमेकींना चिकटवून मी असा रंगीबेरंगी साबण घडवला की आंघोळ करताना आपण कंपाउंडची भिंत रंगवतोय असं वाटे. बायकोने हे सगळं सोसलं. पण भर उन्हाळ्यात मी दुपारचा पंखा बंद केला, तेव्हा ती शांतपणे म्हणाली की ती दुपारी झोपणार आणि गारव्यातच झोपणार. कुठे ते मी बघावं.

मी बघितलं. चौकापलीकडे गाद्यांचं नवं दुकान उघडलं होतं. आत एसी, आणि दारावर पाटी: 'आधी झोपून पाहा, मगच घ्या.' किती वेळ झोपून पाहायचं, हे पाटीवर लिहिलेलं नव्हतं. असल्या फटीतूनच तर कलावंत आत शिरतो.

जेवण झाल्यावर आम्ही गेलो. बायकोने चार गाद्या दाबून पाहिल्या, पाचवीवर आडवी झाली आणि मिनिटभरात घोरायला लागली. तिला एकटं सोडणं बरं दिसेना, म्हणून मीही पडलो. पाच वाजता उठलो, घरी सल्लामसलत करून येतो म्हणालो आणि दुसऱ्या दिवशी सल्लामसलत अपुरी राहिली म्हणून परत गेलो. असे आठ दिवस गेले. दुकानातली विक्रेती बाई तर आम्हाला "आलात का, पडा" म्हणू लागली.

नवव्या दिवशी घोटाळा झाला. त्या दिवशी दुकानाची मांडणी बदलायची होती. आमचा पलंग दर्शनी काचेत न्यायचा होता. हमालांनी विचारलं, वर माणसं आहेत, काय करायचं? मालक तत्त्वाचा माणूस. गिऱ्हाइकाची झोप मोडायची नाही, असं त्याने सांगितलं. हमालांनी आम्हाला पलंगासकट अलगद उचललं आणि नेऊन काचेत ठेवलं.

मला जाग आली ती टकटक ऐकून. डोळे उघडले तर समोर चाळीसेक चेहरे काचेला नाकं लावून उभे. काही जण आम्ही मेणाचे आहोत की खरे यावर वाद घालत होते. आणि अगदी पुढे, नाक सर्वांत चपटं करून, माझे जुने साहेब. मी पडल्या पडल्या नमस्कार केला.

"खरे आहेत, खरे आहेत!" बाहेर एकच ओरडा झाला.

मी बायकोला हलवलं. ती कूस बदलून पुन्हा झोपली. गर्दीतून कौतुकाचा सुस्कारा आला.

तेवढ्यात मालक धावत आला. आता आठ दिवसांचं सगळं बाहेर निघणार म्हणून मी पांघरूण नाकापर्यंत ओढलं. पण त्याने हात जोडले. एवढ्या गाद्या एका दुपारी कधी खपल्या नव्हत्या, म्हणाला, आणि आम्हा दोघांना कामावरच ठेवतो म्हणाला.

"पण मी निवृत्त आहे," मी मानाने सांगितलं.

"काका, काम कुठे आहे? झोपायचंच तर आहे."

बायको एव्हाना उठली होती. तिने मला न विचारता हो म्हटलं.

तिथून माझे वाईट दिवस सुरू झाले. अकरा ते पाच झोप, हजेरीला सही, इस्त्रीचा पायजमा. बायको पाठ टेकताच दगडासारखी झोपे. मला मात्र जबाबदारीने डोळाच लागेना. लोक काचेबाहेर आपल्याकडे बघताहेत या विचारानेच नाक खाजे. पहिल्या आठवड्यात मला लेखी ताकीद मिळाली: 'कामाच्या वेळेत जागे आढळलात.' दुसऱ्या ताकिदीत लिहिलं होतं, की माझ्या तळमळीमुळे एका गिऱ्हाइकाने गादी परत केली. मी झोपेचं सोंग घेऊन पाहिलं, पण विक्रेती बाईने पापण्यांवरून ओळखलं. तिसऱ्या आठवड्यात मला काढून टाकलं. आयुष्यात पहिल्यांदाच, आणि तेही झोपता येत नाही म्हणून!

बायकोला मात्र बढती मिळाली. आता तिला मोठा पलंग आहे, दोन उशा जास्त आहेत आणि नव्या शाखेच्या उद्घाटनालाही तीच झोपणार आहे. घरचा स्वयंपाक, भांडी, केर सगळं माझ्याकडे आलंय. ती संध्याकाळी घरी येते, चपला काढते आणि खुर्चीत अंग टाकते. मी चहा पुढे करतो.

"आज फार दमले हो," ती म्हणते. "जरा पडते."

मी पंखा लावून देतो.