परतीचा पाइप

नोंदकाकांनी त्या गुरुवारी एक छोटासा निर्णय घेतला. गाडीच्या पेट्रोलला परतीचा पाइप द्यायचा.

(नोंदकाका हे गल्लीने ठेवलेलं नाव. कचेरीत अठ्ठावीस वर्षं आवक-जावक सांभाळल्यावर माणसाला दुसरं काय म्हणणार?)

त्यांची गाडी दोन दारांची, जुनी, आणि आत शर्यतीच्या गाडीचं इंजिन. चार वर्षं ती गॅरेजातच होती. काका रोज संध्याकाळी तिच्यात बसायचे, स्टिअरिंग धरायचे आणि डोळे मिटायचे. मग समोरची भिंत हळूहळू विरघळायची, दोन्ही बाजूंनी झाडं मागे पळायची, आणि शेवटच्या वळणावर तळं चमकायचं. काकू जेवायला हाक मारायच्या तेव्हा ते खरोखर दमून परत यायचे.

काकूंचा शिवणवर्ग मात्र स्वयंपाकघरात भरायचा आणि काकांच्या चहात दोरे सापडायचे. शेवटी काकूंनी सांगून टाकलं, "रविवारी अकरा वाजता मी या गाडीत बसून तळ्यावर जाणार. नाही गेले, तर सोमवारी गाडी बाहेर आणि वर्ग गॅरेजात."

गाडी जाणार म्हटल्यावर काका कामाला लागले. राहिलं होतं फक्त पेट्रोलचं काम, आणि त्यासाठी मेकॅनिक मेव्हणा आला.

"दाजी, एकच पाइप टाकू. टाकीतून इंजिनाकडे. विषय संपला."

"आणि उरलेलं पेट्रोल?"

"उरतच नाही. लागेल तेवढंच जातं."

काकांना ते पटेना. गेलेला कागद परत आला नाही तर त्यांना झोप लागत नसे, इथे तर पेट्रोल होतं. "पंपाने भरपूर पाठवावं, इंजिनाने हवं तेवढं घ्यावं, बाकीचं शिस्तीत टाकीत परत यावं. शर्यतीच्या गाड्यांना असंच असतं," ते म्हणाले.

"असतं. पण तुम्हाला तळ्यावर जायचंय ना?" मेव्हण्याने हात टेकले आणि दोन पाइप टाकले.

शनिवारी पंपाची चाचणी झाली. परतीच्या पाइपचं टोक वीस लिटरच्या कॅनमध्ये सोडून मेव्हण्याने एक मिनिट पंप चालवला. चार लिटर! त्याने ते परत टाकीत ओतलं आणि पाइपचं टोक पुन्हा रिकाम्या कॅनमध्ये सोडलं. "झकास. आता एवढं टोक टाकीला जोडा, दाजी. क्लिप इथे ठेवलीय," असं म्हणून तो हात धुऊन गेला.

काकांनी आधी वही उघडली. सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'परतीचा पाइप टाकीस जोडला.' खाली सही, तारीख. आणि वही मिटताच त्यांना तृप्त वाटलं. कचेरीत नोंद झाली की काम झालं, हे अठ्ठावीस वर्षांत कधी खोटं ठरलं नव्हतं. (कामं झाली होती का, हा वेगळा विषय.)

रविवारी अकराला काकू गॉगल लावून, मांडीवर डबा घेऊन गाडीत बसल्या. शटर वर होतं. काकांनी किल्ली फिरवली आणि इंजिन असं काही गुरगुरलं की त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"पाच मिनिटं गरम होऊ दे," ते कसंबसं म्हणाले.

"होऊ दे की," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज कधी नव्हे इतका मऊ होता.

दोघांनी डोळे मिटले. भिंत विरघळली. झाडं पळू लागली. काकूंनी हळूच काकांच्या हातावर हात ठेवला.

"किती अलगद चाललीय हो. धक्का म्हणून नाही."

"रस्ता चांगला आहे," काका पुटपुटले.

शेवटचं वळण आलं, तळ्याची कड चमकली, आणि इंजिन दोनदा खोकून गप्प झालं.

काकूंनी डोळे उघडले. समोर भिंत. पेट्रोलचा काटा शून्यावर. उतरून पाहिलं तर गाडीमागे कॅनमध्ये काठोकाठ नसलं तरी चांगलं बारा लिटर पेट्रोल, आणि त्यात बुडालेलं पाइपचं टोक.

"अहो, पेट्रोल जाऊन परतसुद्धा आलं. आपणच तेवढे राहिलो."

"अशक्य! जोडलाय मी. हे बघ, लिहिलंय!" काकांनी वही पुढे केली.

काकूंनी ती नीट वाचली. मग गॉगल डोक्यावर सरकवून त्यांनी काकांच्या खिशातलं पेन काढलं, वहीत दोन ओळी लिहिल्या आणि वही परत त्यांच्या हातात दिली. काकांचं लक्ष अजून त्या न दिसलेल्या तळ्यात होतं. कागद समोर आला तशी त्यांनी सवयीने खाली सही ठोकली, तारीख घातली, आणि मग वाचलं :

'आवक : शिवणयंत्रं, तीन. जावक : गाडी, एक.'

"नोंद झाली ना?" काकू म्हणाल्या. "म्हणजे काम झालं. चला, डबा घरातच खाऊ."