घर पाहायला गेलेली गाडी

टर्बो म्हणजे काय, हे अख्ख्या भिलाईत दोघांनाच कळतं, असं जया कापगतेचं ठाम मत होतं. एक, कारखान्यातलं भट्टीला हवा पुरवणारं खातं, आणि दुसरी ती स्वतः. खात्यात माणसं ढीगभर, त्यामुळे ज्ञान वाटलं जाणार. जयाचं मात्र सगळं एकटीचं. अकरावीत गेल्यापासून तिला स्वतःबद्दल असल्या बऱ्याच गोष्टी नव्याने कळू लागल्या होत्या.

हे ज्ञान ओमप्रकाशमामांकडून आलं. मामा मस्कतहून कायमचे परत आले, ते एक लाल, बुटकी, जपानी गाडी जहाजात घालूनच. त्यांचं ‘कायमचं’ होळीपर्यंत टिकलं. मग ते पुन्हा मस्कतला गेले आणि गाडी मेहुण्यांच्या, म्हणजे जयाच्या बाबांच्या नावावर करून क्वार्टरसमोर उभी करून गेले. जाताना त्यांनी भाचीला बाजूला घेतलं.

“हिच्या चारही चाकांना जोर आहे, जया. साध्या गाडीसारखं दोन ओढतात आणि दोन फुकट फिरतात, असं नाही. आणि पोटात टर्बो. जोरात पळवली तर थांबल्याबरोबर इंजिन बंद करायचं नाही. दोन मिनिटं चालू ठेवून थंड होऊ द्यायचं, नाहीतर आत तेल जळतं. तुझ्या बाबांना नीट समजावून सांग.”

जयाने नीट समजावून सांगितलं, आणि तिथेच घोळ झाला. बाबा, म्हणजे हिरालाल कापगते, ब्लास्ट फर्नेसवर, म्हणजे लोखंड वितळवणाऱ्या भट्टीवर, फोरमन होते. गरम वस्तू थंड कशी होते, याबद्दल मस्कतच्या माणसाने त्यांना शिकवावं, हे काही त्यांना पटलं नाही.

“दोन मिनिटांत चहा थंड नाही होत, टर्बो काय होईन? दहा मिनिटं,” बाबा म्हणाले. “आणि चालू मशीन सोडून माणसानं जागेवरून हलायचं नाही. दुसऱ्याले चार्ज देल्याशिवाय तर नाहीच नाही.”

त्या दिवसापासून बाबा बाजारातून भाजी घेऊन आले, की दारात गाडीत बसून राहात. आतून आई ओरडे, “मेथी तरी द्या खिडकीतून!” बाबा मेथी देत. स्वतः मात्र हलत नसत. सेक्टरमधल्या लोकांचा समज झाला, की कापगत्यांचं घरात पटत नाही.

गाडीत पाहण्यासारखं आणखीही बरंच होतं. बॉनेटवर हवा आत घ्यायला एक चपटं भोक होतं. पेपरवाला पहिल्या आठवडाभर पेपर त्यातच टाकून गेला. स्टिअरिंग डावीकडे होतं, म्हणून बाबा डावीकडे बसत आणि आई उजवीकडे. समोरून येणाऱ्याला दिसे ते असं, की एक बाई डोक्यावर पदर घेऊन, हाताची घडी घालून, खिडकीबाहेर बघत निवांत गाडी चालवून राहिली आहे. जीई रोडच्या हमरस्त्यावर कितीतरी सायकलवाले आईला बघून रस्ता सोडून मातीत उतरले. आणि बाबांचा वेग? टर्बो जागं व्हायला जेवढा लागतो, त्याच्या निम्मा. मस्कतच्या वाळूत उधळणारा घोडा भिलाईत येऊन तेलघाणीला जुंपला होता.

तर अशी ही गाडी घेऊन दुर्गला जायचं ठरलं. काम नाजूक होतं. रत्नमालाताईचं लग्न.

ताईला बघून गेलेल्यांपैकी कोणी तिला चालून दाखवायला लावलं होतं, कोणी पापड लाटता येतात का विचारलं होतं. अरुणकुमार नावाचा दुर्गच्या कलेक्टर कचेरीतला मुलगा आला, तेव्हा त्याने फक्त एवढंच म्हटलं, “तुमाले काही विचारायचं आहे का?” तो गेल्यावर रात्रीपर्यंत ताई एकटीच हसत होती. आता रीतीप्रमाणे मुलीकडच्यांनी मुलाचं घर पाहायला जायचं, आणि घर पसंत पडलं तर तिथेच सुपारी फोडायची. मुलीने जायचं नसतं.

निघताना ताईने जयाला फाटकाशी धरलं. “जया, मले हेच घर पाहिजे. तू तोंड कमी चालव.”

“मी आहे ना,” जया म्हणाली. ताईची काळजी त्यामुळे वाढली.

गाडी निघाली. पुढे आई-बाबा, मागे जया. दुर्गच्या अलीकडे रस्ता मोकळा झाला, तेव्हा एक बैलगाडी त्यांना मागे टाकून गेली. निदान जयाला तसं वाटलं.

“बाबा, मुलाकडच्यांच्या दारात बैलगाडीच्या मागून पोचायचं काय? जरा दाबा ना. नुसतं एकदा.”

बाबांनाही बैलगाडी मनाला लागली असावी. त्यांनी पाय दाबला. आधी काहीच झालं नाही. मग बॉनेटखालून शीळ आली आणि गाडी सुटली. आईचा पदर मागे जयाच्या तोंडावर आला. दुर्गचं पहिलं घर, पहिली टपरी, पहिली म्हैस, सगळं एकाच ओळीत निघून गेलं. पदर बाजूला करते तोच जयाला दिसलं, की एका घराच्या परछीत, म्हणजे पुढच्या खांबांच्या पडवीत, चांगले कपडे घातलेली माणसं ओळीने उभी आहेत आणि एका बाईच्या हातात पाण्याचा तांब्या आहे.

“अवो, हेच घर!” आई म्हणाली. तोवर ते घर मागे पडलं होतं. आईने जाता जाता हात तेवढे जोडले.

आठवडी बाजारापर्यंत जाऊन गाडी वळवून आणावी लागली. परत आल्यावर ती माणसं तिथेच उभी होती, फक्त चेहरे बदललेले. मुलाचे वडील देवाजी गुरुजी, शाळेतून रिटायर झालेले, खादीचा कडक सदरा. मुलाची आई रमाबाई, पाहुण्यांच्या पायावर घालायला पाण्याचा तांब्या घेऊन. आणि गुरुजींची बहीण बेबीताई, जिला या घरात सगळे घाबरत, हे तिच्याकडे पाहताच कळत होतं. गल्ली अरुंद, म्हणून बाबांनी गाडीचं तोंड घराकडे करून ती परछीच्या पायऱ्यांसमोर उभी केली. आणि जेवढी आजवर कधीच तापली नव्हती तेवढी गाडी तापली होती. बाबांनी घड्याळ पाहिलं आणि हाताची घडी घातली.

आई उतरली. जया उतरली. बाबांनी काचेतून सगळ्यांना नमस्कार केला.

“या, या, उतरा,” गुरुजी म्हणाले.

“होऊ द्या तुमचं,” बाबा आतून म्हणाले. “हे जरासं निवू द्या.”

नवरा उतरल्याशिवाय आई उंबरठा ओलांडेना. पाहुण्याचे पाय आल्याशिवाय रमाबाईंना तांब्या खाली ठेवता येईना. गाडी घरघरत होती. बेबीताईने गुरुजींच्या कानात, पण गल्लीला ऐकू जाईल असं, सांगितलं, “दादा, पाहून राहिला ना? आधी तं दारावरून निघून गेले. आता इंजन बी बंद नाही करून राहिले. नकार द्यायचा आणि पळायचं, एवढ्यासाठी चालू ठेवलं आहे.”

“तसं नाही, आत्याबाई,” जया पुढे झाली. तोंड कमी चालवायचं, हे तिला आठवत होतं. पण समोर इतकं अज्ञान उभं असताना गप्प बसणं बरं दिसलं नसतं. “आतमध्ये टर्बो आहे. धुरानं पंखा फिरते, पंख्यानं हवा जाते. गरम असताना बंद केलं तर जळून जाईन. म्हणून बाबा उतरत नाहीत. घरी पण नाही उतरत.”

“घरी पण नाही उतरत?” रमाबाईंनी तांब्या या हातातून त्या हातात घेतला.

“आई खिडकीतून मेथी घेते,” जयाने पुरावा दिला.

बेबीताईने गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी आकाशाकडे पाहिलं. अरुणकुमार मागच्या खांबाला टेकून उभा होता, तो का कोण जाणे, खाली बघून खांदे हलवत होता.

“हिरालालजी,” गुरुजी शेवटी गाडीशी जाऊन म्हणाले, “मी साधा मास्तर माणूस. ज्याले माझ्या दारात उतरायले जड जाते, त्याची पोरगी माझ्या घरात कशी राहीन?”

बाबांच्या कपाळावर घाम आला. एकीकडे मुलीचं लग्न, दुसरीकडे चालू मशीन. आईने त्यांच्याकडे जे पाहिलं, ते पाहून भट्टीसुद्धा निवली असती.

“बाबा, मले चार्ज द्या,” जया म्हणाली.

खरंच की. बाबांचा चेहरा उजळला. ते उतरले आणि जया बसली. “काही हात लावायचा नाही. फक्त बसायचं. घेतला चार्ज?”

“घेतला.”

बाबा दोन्ही हात जोडून परछीच्या पायऱ्यांकडे निघाले. रमाबाई तांब्या घेऊन पुढे झाल्या. गुरुजींचा चेहरा पूर्ण नाही, पण पाव भाग सैल झाला. एवढ्यात मागून हॉर्न वाजला. एक स्कूटरवाला गल्लीत अडकला होता. “थोडा आगे लो ना दीदी!”

दीदी! जया ताठ बसली. ज्याच्याकडे चार्ज, त्याची जबाबदारी. आणि प्रश्न तरी कितीचा, हातभर पुढे घेण्याचा. मामा कसं करायचे ते तिने शंभरदा पाहिलं होतं. क्लच दाबला, पहिला गिअर टाकला, थोडा अॅक्सिलेटर दिला. शीळ ऐकू येईना, म्हणून आणखी थोडा दिला. मग क्लचवरून पाय काढला.

साधी गाडी असती तर पायऱ्यांपुढच्या नालीत एक चाक अडकून तिथेच बसली असती. पण हिच्या चारही चाकांना जोर होता. ती नाली चढली, पहिली पायरी चढली, दुसरी चढली. बाबा चपळाईने बाजूला उडाले, म्हणून ते आज आहेत. गाडी दोन खांबांच्या मधून, एकालाही न खरचटता, परछीत शिरली, दाराला नाक लावलं आणि बंद पडली.

दाराच्या आत उडी मारून रमाबाई उभ्या होत्या. हातातला तांब्या त्यांनी घाबरून पुढे ओतला होता. उंबऱ्यापाशी पहिलं पाऊल ज्याचं आलं, त्याच्यावर पाणी पडलं. गाडीचं पुढचं चाक स्वच्छ धुतलं गेलं.

पहिले बोलले ते बाबा, आणि तेही पायरीवर बसून, खचलेल्या आवाजात. “गरमच बंद झाली.”

यापुढे जे झालं, ते गल्लीने केलं. स्कूटरवाल्याने स्टँड लावला. समोरच्या घरातले आले, शेजारचे आले. लाल, चकचकीत गाडी गुरुजींच्या परछीत, चाकाला पाणी घातलेलं, चांगल्या कपड्यांतली माणसं. अर्थ एकच निघत होता.

“बधाई हो गुरुजी! लड़कीवालों ने कार दी?”

“का गुरुजी, गाड़ी मिल गे?” भाजीवाली टोपली उतरवत म्हणाली.

गुरुजी लाल झाले. गेल्याच महिन्यात समाजाच्या मेळाव्यात त्यांनी हुंड्याविरुद्ध तासभर भाषण केलं होतं. टाळ्या वाजवणारे अर्धे लोक याच गल्लीत राहात होते.

“मी एक खिळा घेतला नाही!” गुरुजी ओरडले. “बेबी, सांग यांना. सोयरीक मोडली. गाडी उचला आणि निघा.”

आईने डोळ्यांना पदर लावला. फाटकाशी उभी असलेली ताई जयाच्या डोळ्यांपुढे आली. गाडीतून तिला उतरताही येत नव्हतं. दोन्ही दारं खांबांना अडत होती. तिने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“काका, आता सोयरीक मोडली तर लोक काय म्हणतीन? म्हणतीन, गुरुजीले कार बी कमी पडली.”

गुरुजींनी एकदा गाडीकडे आणि एकदा गल्लीकडे पाहिलं. बेबीताईने पहिल्यांदाच जयाकडे माणसाकडे पाहावं तसं पाहिलं.

“बरोबर बोलून राहिली पोरगी,” अरुणकुमार खांबामागून म्हणाला. “गाडी सगळ्यांच्या समोर वापस पाठवा, बाबा. आणि सुपारी सगळ्यांच्या समोर फोडा. दोन्ही एकाच वेळी.”

मास्तरांना तर्क पटतो. गुरुजींनी खाकरून गल्लीकडे तोंड केलं आणि भाषणाच्या आवाजात जाहीर केलं, की मुलगी पसंत आहे, गाडी चुकून आली आहे, आणि दोन्ही गोष्टींना साक्षीदार पाहिजेत. दार गाडीने अडवलेलं, म्हणून रमाबाईंनी ताट आतून बॉनेटवर सरकवलं. बॉनेट एवढं तापलेलं, की सुपारी फोडताना बोटं भाजून बाबा आणि गुरुजी दोघेही एकाच सुरात “स्स” म्हणाले. व्याह्यांचं पहिलं एकमत ते. आत बसलेल्या जयाला पेढा खिडकीतून मिळाला. आईच्या मेथीचं दुःख तिला त्या दिवशी समजलं.

मग गल्लीतल्या लोकांनी गाडी जयासकट उचलून खाली ठेवली. बाबा समोर उभे राहून हातांनी क्रेनवाल्याच्या खुणा करत होते. एकही माणूस त्या खुणांकडे पाहात नव्हता. चाकं जमिनीला टेकताच गुरुजींनी स्वतः गाडीचं दार उघडलं, मागे सरकलेल्या जयाच्या जागी व्याह्यांना बसवलं आणि विहीणबाईंना उजवीकडे.

“चहा?” बाबांनी भीत भीत विचारलं.

“लग्नात. आता निघा, लोक पाहून राहिले आहेत. आणि लग्नाले बसनं या.”

संध्याकाळी ताई फाटकाशीच उभी होती. ती एकेकाचा चेहरा वाचायला लागली.

“फोडली सुपारी,” आई म्हणाली. ताईने फाटक घट्ट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. मग हसली.

“जमवलं मीच,” जयाने सांगून टाकलं. “तुझा तो अरुणकुमार बी चांगला आहे. माझं ऐकते.”

“ते राहू दे. घर कसं आहे?” ताईने विचारलं. “सांग ना. किती खोल्या, रांधायची जागा कशी, मागं अंगण आहे का?”

आईने बाबांकडे पाहिलं. बाबांनी घड्याळाकडे पाहिलं. तिघांनी मिळून दुर्गला जाऊन, सोयरीक जमवून, गल्ली गोळा करून काय काय पाहिलं, ते जयाने मनात एकदा चाळून बघितलं.

“परछी मजबूत आहे,” ती म्हणाली.