मोंडकर काकांची खोकल्याची रेकॉर्ड

इतर इमारतींत वरून काही पडलं की खालचे लोक वर बघून शिव्या देतात. वर्तकनगरमधल्या आमच्या इमारतीत ‘धप्प’ असा आवाज झाला की जो कुणी जवळ असेल तो जाऊन खोकं उचलतो, कानाशी धरून हलवतो आणि ओरडतो, “काका, फुटलं नाही!” मग दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून मोंडकर काका म्हणतात, “घेऊन ये वर. चहा टाकलाय.”

खोक्यात कधी अंडी असतात, कधी बल्ब. एकदा आमच्या हिने कल्याणच्या बहिणीसाठी बांधून द्या म्हणून दिलेली लोणच्याची बरणी होती. बरणीला ओरखडासुद्धा आला नाही, पण हिने काकांशी आठ दिवस अबोला धरला. तिचं म्हणणं, बरणी कल्याणला द्यायची होती, खाली टाकायची नव्हती. काकांचं म्हणणं, खाली टाकून बघितल्याशिवाय कल्याणला द्यायची कशी?

वागळे इस्टेटमधल्या एका काचसामानाच्या कारखान्यात काकांनी पॅकिंग खात्यात चौतीस वर्षं काढली. प्रयोगशाळेतल्या नळ्या, चंबू, मोजपात्रं. “चौतीस वर्षांत एक पीस फुटला नाही,” असं ते सांगतात. असली वाक्यं मी सहसा प्रचारसभेच्या आणि शोकसभेच्या हिशेबात धरतो. पण एका बारशाला त्यांचे एक जुने सहकारी भेटले, त्यांना मी मुद्दाम विचारलं. ते म्हणाले, “एक फुटलेला. पण तेव्हा मोंडकर रजेवर होता.”

‘माल आतून हलता कामा नये’ हे काकांचं तत्त्वज्ञान, आणि त्यांनी ते खोक्यापुरतं कधीच ठेवलं नाही. शेजारच्या मुलीला बघायला आलेल्या मुलाशी ते दहा मिनिटं बोलले आणि नंतर म्हणाले, “मुलगा बरा आहे, पण आतून हलतो.” त्या मुलाने वर्षभरात तीन नोकऱ्या सोडल्या. माझ्याबद्दल त्यांचं मत थोडं चांगलं आहे. “तू हलत नाहीस,” ते म्हणाले, “पण तुझ्यात भुसाच फार.” मी एका कॉलेजात ग्रंथपाल आहे, त्यामुळे हे मी फारसं मनावर घेतलं नाही.

आता त्या रेकॉर्डबद्दल. सुलभाकाकूंचे, म्हणजे काकांच्या पत्नीचे, वडील विष्णुपंत पेटी वाजवायचे. तरुणपणी त्यांनी एका गायिकेच्या रेकॉर्डला साथ केली होती. पहिला अंतरा संपता संपता, गाणारीने श्वास घेतला त्या फटीत, विष्णुपंत खोकले. ते कुणाच्या लक्षात येईपर्यंत थोड्या रेकॉर्डी बाजारात गेल्या होत्या. कंपनीने बाकीच्या परत मागवल्या आणि गाणं दुसऱ्या पेटीवाल्याला घेऊन नव्याने भरलं. विष्णुपंतांचं नाव ना पहिल्या रेकॉर्डवर होतं, ना त्यांना पुन्हा कुणी बोलावलं.

दर पाडव्याला काकू ती काळी, लाखेची तबकडी लावायच्या. आम्ही सगळे गप्प. “आता… आता… हां, बाबा!” आणि मग श्रीखंड. विष्णुपंतांचा दुसरा कुठलाच आवाज शिल्लक नाही. लोक वडिलांचा फोटो लावतात, काकू खोकला लावायच्या.

काकू गेल्या त्याला चार वर्षं झाली. त्यानंतर रेकॉर्ड वाजली नाही. मागच्या वर्षी काकांनी मला वर बोलावलं आणि म्हणाले, “हिच्यासाठी चांगलं स्थळ बघायला हवं. आम्हाला मूलबाळ नाही. माझ्यामागे रद्दीवाला किलोवर नेईल. लाख आहे रे ती, हातातून सुटली की संपलं.”

मी इंटरनेटवर माहिती टाकली. त्याआधी, रेकॉर्ड शंभर वर्षांच्या आतली आहे, म्हणजे देशाबाहेर पाठवायला कायद्याची आडकाठी नाही, हेही बघून घेतलं. ही खोकल्याची प्रत जुन्या रेकॉर्डी जमवणाऱ्यांच्या जगात दंतकथा असल्याचं तेव्हा कळलं. किती किंमत आली ते सांगायला काकांनी बंदी केली आहे. एवढंच सांगतो की खोकल्याला एवढी किंमत आल्याचं मी डॉक्टरांकडेही पाहिलं नव्हतं.

पहिलं गिऱ्हाईक फार गोड होतं. ‘प्रिय महोदय, मी ठरल्यापेक्षा जास्त रक्कम पाठवतो, वरचे पैसे तुम्ही माझ्या एजंटला परत करा.’ मला संशयाचा वास यायच्या आतच काकांनी मान हलवली. “हा चोर आहे.”

“कशावरून?”

“तीन पत्रं आली. पॅकिंगबद्दल एक प्रश्न नाही. ज्याला वस्तू हवी असते तो पहिलं विचारतो, ती पोचणार कशी. याला वस्तू नकोच आहे.”

दुसरा होता बेल्जियममधला हेन्रिक, दातांचा निवृत्त डॉक्टर. त्याचा पहिलाच प्रश्न असा होता: ‘दोन्ही बाजूंचे पुठ्ठे लावताना एकाच्या आतल्या पन्हळी उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या ठेवाल ना, म्हणजे वाकणार नाहीत?’ काकांनी मला ते वाक्य दोनदा वाचायला लावलं. “हा आपला माणूस,” ते म्हणाले.

पैसे एका त्रयस्थ संस्थेकडे जमा राहतील आणि माल पोचल्यावरच सुटतील, असं ठरलं. विमाही काढला. काकांची स्वतःची अट एकच होती: हेन्रिकच्या संग्रहाच्या यादीत पेटीवाल्याचं नाव लिहायचं. हेन्रिकने उलट टपाली स्पेलिंग विचारलं.

पुढचे पंधरा दिवस इमारतीत सारखं धप्प, धप्प. आधी पापड, मग काचेच्या बशा, मग एक तसल्याच लाखेची भजनांची रेकॉर्ड. प्रत्येक वेळी कुणीतरी वर, प्रत्येक वेळी चहा. शेवटी खरी रेकॉर्ड पुठ्ठ्यांत, पुठ्ठे खोक्यात, खोकं दुसऱ्या खोक्यात आणि मध्ये ठासून पेंढा. ते मात्र काकांनी खाली टाकलं नाही. मांडीवर घेऊन माझ्याबरोबर रिक्षात बसले.

पार्सलच्या काउंटरवरच्या मुलीने विचारलं, “आत काय भरलंय, काका?”

“पेंढा. एक नंबर, सुकवलेला.”

“पेंढा तिकडे चालत नाही. कीड असते म्हणून पार्सल अडवतात, कधी कधी जाळूनही टाकतात.”

“अगं, माझा पेंढा जर्मनीला गेलाय!”

“कधी?”

काकांनी खोकं पुन्हा उचललं. जर्मनीला पेंढा गेला तेव्हा त्या मुलीचे आईवडीलही शाळेत असतील. परतीच्या रिक्षात खोकं पुन्हा त्यांच्या मांडीवर होतं. चौतीस वर्षं छातीवर मिरवलेली विद्या एका वाक्यात बाद झाली होती. मी म्हणालो, “ते फुग्यांचं प्लॅस्टिक आणू या.” काका म्हणाले, “फुगे वाढदिवसाला.”

घरी आल्यावर त्यांनी काकूंचं कपाट उघडलं. चार वर्षांत ते उघडलेलं मी पाहिलं नव्हतं. आत सुती पातळं, घडीवर घडी. काकांनी एक उचललं, बोटांत चुरून पाहिलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “शंभर वेळा धुतलेलं सूत आहे. याच्यासारखं काही नाही. माल हलायचा नाही.” सहा पातळं लागली. मी सुतळी धरली, गाठी त्यांनी मारल्या.

पार्सल गेल्यावर सोळाव्या दिवशी हेन्रिकचा व्हिडिओ आला. बेचाळीस मिनिटांचा, त्यातली अडतीस खोकं उघडण्याची. काका मॅच बघावी तसे बघत होते. “सुरी नको रे, सुरी नको! गाठ सोड… शाब्बास!” अखेर तबकडी बाहेर आली, अखंड. हेन्रिकने ती खिडकीच्या उजेडात धरली, फिरवली आणि सुई ठेवली.

पेटी. आवाज. पहिला अंतरा. श्वास.

खोकला.

काकांनी मला तेवढाच भाग पुन्हा लावायला सांगितला. मग म्हणाले, “लग्नाचं विचारायला गेलेलो तेव्हाही सासरे एवढंच बोलले. असेच खोकले. मी होकार समजलो.” आणि लगेच पुढे, “नंतर सुलभा म्हणाली, त्यांना तेव्हा खरंच खोकला झालेला.”

व्हिडिओखाली हेन्रिकने यादीतली नोंद पाठवली होती: ‘हार्मोनियम आणि खोकला: विष्णुपंत.’ त्याखाली एक प्रश्न. आतलं कापड फार सुंदर आहे, परत पाठवू का?

“नको म्हणावं,” काका म्हणाले. “पॅकिंग मालाबरोबर राहतं.”

नोंदीची प्रिंट त्यांनी इमारतीच्या नोटीस बोर्डावर लावली, पाण्याच्या वेळांच्याही वर. सोसायटीच्या अध्यक्षांना जाग आली. शाल, श्रीफळ आणि ‘आपल्या सोसायटीचं नाव जागतिक पातळीवर’ या विषयावर पाऊण तास भाषण झालं. खोकला नेमका कुणाचा, हे अध्यक्षांना शेवटपर्यंत कळलं नव्हतं. काकांनी हातात आलेला नारळ कानाशी धरून हलवला आणि अध्यक्षांकडे बघत मला म्हणाले, “आतून हलतोय.”

खरं सांगायचं तर त्या दिवशी मलाही फार अभिमान वाटला. असा अभिमान मला सहसा वाटत नाही.

त्यानंतर महिनाभर काही पडलं नाही. पाठवायचं ते पाठवून झालं होतं. लोक कामाला जाताना नकळत वर बघत आणि निघून जात.

मग एका रविवारी सकाळी धप्प झालं. मी पेपर टाकून धावलो. खोकं नेहमीसारखं सुतळीने बांधलेलं, पण हलकं. कानाशी धरून हलवलं. काही आवाज नाही. “काका, फुटलं नाही!”

“घेऊन ये वर. चहा टाकलाय.”

जिन्यात लक्षात आलं, पडताना एका बाजूचं झाकण सुटलं होतं. आत काकूंच्या पातळाच्या सुती पट्ट्यांच्या व्यवस्थित घड्या होत्या आणि मधोमध जागा रिकामी. बाकी काही नाही.

वर टेबलावर दोन कप भरून ठेवलेले होते. दोन्हींवर जाड साय धरली होती, म्हणजे चहा खोकं पडायच्या बराच आधी ओतलेला.

“काय?” काकांनी विचारलं. “हललं का आतून?”

“नाही काका, जरासुद्धा नाही,” मी म्हणालो आणि खोकं सुटलेली बाजू खाली करून ठेवून खुर्ची ओढली.