वेलीला पट्ट्या

सून वेलीशी बोलते, सासूशी नाही! आईंची ही तक्रार तीन वर्षं जुनी होती. कॉलेजात झाडांचं शिकवते म्हणून काय झालं? सकाळी गॅलरीत जाऊन त्या कांडवेलीला, म्हणजे हिरव्या चौकोनी हाडांच्या माळेला, "बरं आहे ना गं?" आणि घरातल्या जित्याजागत्या माणसाला नुसतं, "चहा झाला?"

वर म्हणे, द्राक्षाच्या घराण्यातली!

"द्राक्ष राहू दे, तिच्या अंगावर धड पान टिकत नाही," आई मुलाला म्हणाल्या. "घराणं काय चाटायचंय?"

सून तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणाला गेली आणि दुसऱ्याच दिवशी वेलीच्या कुरळ्या ताण्यांनी कपड्यांची दोरी पकडली. आईंच्या धुतलेल्या चादरीसकट!

"अर्ध्या तासात निकाल लावते हिचा!"

आईंचं काम म्हणजे नेटकं. एकेक पेर राखून बोटाएवढे तुकडे केले आणि वाया काही घालवायचं नाही म्हणून गॅलरीतल्या बाराही कुंड्यांत खतासारखे पुरले.

संध्याकाळी सुनेचा फोन. "आई, माझी वेल ठीक आहे ना? माझ्या बाबांनी जाण्याआधी शेवटची लावलेली ती."

आईंनी कुंड्यांकडे पाहिलं. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. "बरीच पसरलीय."

फोन ठेवला आणि एका कुंडीतले सहा तुकडे उकरून काढले. शेंडा कुठला, बूड कुठलं, कळेना. काडीला लावून जुन्या चादरीच्या पट्ट्यांनी करकचून बांधले आणि त्याच कुंडीत रोवले. लोक मोडलेलं हाड सांधायला हिचा लेप लावतात आणि आता हिलाच पट्ट्या!

"एक्स-रे काढायचा का?" मुलानं विचारलं.

"तू गप्प बस!"

मग त्या कुंडीला दोन्ही वेळा पाणी. आणि आसपास कुणी नसलं की हळूच, "बरं आहे ना गं?"

सून परतली ती थेट गॅलरीत. आई दारातच थांबल्या.

"आई, हिला पाणी जास्त झालं. कुजलीय." सुनेनं एक पट्टी सोडून पाहिली. मग ती खाली वाकली. "अगंबाई! आणि हे?"

बाकी अकरा कुंड्यांत कोवळे कोंब! पेराच्या एका बाजूला पान, बरोब्बर समोर ताणा.

"ही अशीच लावतात, आई. पेर मातीत गेलं की मुळं फुटतात. बाबांनीही एक तुकडाच खोचला होता."

एक ताणा शेजारच्या कुंडीचा काठ चाचपत होता. आईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग मान ताठ केली.

"चूक तुझीच! तीन वर्षं वेलीला सगळं सांगितलंस, मला बाबांबद्दल एक अक्षर नाही. वेळेवर बोलली असतीस, तर बाराच्या बारा जगल्या असत्या!"