बटनावरचा हात

आमच्या सिंदी मेघेतले पुंडलिकभाऊ टीव्ही कधी बसून पाहत नाहीत. उभ्यानं पाहतात, आणि हात भिंतीवरच्या बटनावर. पडद्यावर कोणी चाकू काढला, अंधारात जिना चढला, नुसतं दार वाजवलं, की खट्. "आता काई खरं नाई," म्हणतात आणि चहा ठेवतात.

भाजीचा ठोक व्यापार आहे या माणसाचा. बाजारात भल्याभल्यांना नुसत्या आवाजानं गप्प करतात. घरी मात्र कुकरच्या शिटीलाही दचकतात. बायको गेल्यापासून हे जास्तच झालं.

त्यात त्यांची वैशाली परदेशातल्या एका फुटबॉल क्लबात निवडली गेली. बाकी सगळ्या गोऱ्या, ही पहिलीच सावळी. बापाला धीर यावा म्हणून जाताना पेनड्राइव्हवर एक इंग्रजी सिनेमा देऊन गेली. गोऱ्यांच्या बेसबॉल संघात घेतलेल्या पहिल्या काळ्या खेळाडूचा. काय पोरीची अक्कल! चेंडू मुद्दाम त्याच्या डोक्याच्या रोखानं येतो, तिथंच भाऊंचं खट्. किती वेळा पाहायला गेलो, पण पुढचा सिनेमा मी आजतागायत पाहिलेला नाही.

एकदा वैतागून म्हणालो, "अहो भाऊ, शेवटी जिंकतो तो."

"जिंकत असन. पन तोवर त्याच्या बापानं काय करावं?"



परवा संध्याकाळी वैशालीची पहिली मॅच होती. मोबाईलवरून टीव्हीवर लावून द्यायला मी गेलो. भाऊ बटनापाशी उभे, कपाळावर घाम. पोरगी मैदानात आली. तिच्या पायाशी चेंडू आला, की प्रेक्षकांतून माकडाचे आवाज यायचे. आधी एकदोघांचे, मग घोळक्याचे. तेवढ्यात एका धिप्पाड पोरीनं तिला आडवं पाडलं. वैशाली उठेना.

"बंद करा भाऊ," मीच म्हणालो.

त्यांचा हात बटनावरच होता, पण बटन काही दाबलं जात नव्हतं.

"कसं बंद करू? तिच्यापाशी कुठी बटन हाय?"

वैशाली गुडघ्यावर हात टेकून उठली. आवाज आणखी वाढले. भाऊंनी बटनावरचा हात काढला.

"तू बी ये इकडे," ते हळूच म्हणाले. "मले एकट्याले पायल्या जात नाई."

मी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. मॅच संपेपर्यंत दोघंही बसलो नाही.